अळिवाची टेकडी

शहाण्णव सालच्या दिवाळीत आम्ही ओमानमधल्या सीबमध्ये, माझ्या अंगणात, एक इंग्लिश टेकडी उगवून आणली. आजही आठवलं की मी एकटीच हसत सुटते.

शेजारच्या बंगल्यात वॉल्टर आणि हिल्डा राहायचे. वॉल्टर आमच्या ह्यांचे, म्हणजे शिवरामचे, साहेब. हिल्डा माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्याच गाडीत मी ड्रायव्हिंग शिकले, दोन भिंती आणि एक खजुराचं झाड ठोकून. तिसऱ्या खेपेला लायसन मिळालं तेव्हा मला मिठी मारून तीच रडली.

वॉल्टर दर ऑक्टोबरला इंग्लंडात गावी जायचे आणि विदरली नावाची टेकडी चढायचे. तिच्या पायथ्याशीच त्यांचा जन्म. त्या वर्षी शिडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये, रजा रद्द. मग माणूस मिटलाच. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसायचे, ताट तसंच परत जायचं. एक दिवस हिल्डा म्हणाली, "कांता, त्याने राजीनामा दिलाय. पुढच्या शनिवारचं विमान. कायमचं. निदान खिडकीतून टेकडी बघेन म्हणतो."

मला काही सुचेना. हिल्डा गेली तर ह्या परमुलखात मी चार वाजता चहा कुणाबरोबर प्यायचा? रडून झाल्यावर मात्र एकदम डोक्यात आलं: टेकडी इथेच केली तर? दिवाळीचा किल्ला आम्ही लहानपणापासून करत आलोय. टेकडी म्हणजे काय, बिनबुरुजाचा किल्ला!

हिल्डाने दिवाणखान्यातला टेकडीचा फोटो पदराआड, म्हणजे स्कर्टाआड, लपवून आणून दिला. समोरची खुदेजाभाभी गुहागरची. तिच्या नवऱ्याने, जहूरभाईंनी, अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, खजुराच्या बागेतून पिकअप भरून माती आणली. विटा रचल्या, वर गोणपाट, वर चिखलाचा राबडा, आणि सगळीकडे अळीव पेरलं.

"काय गो कांता," खुदेजाभाभी हसून हसून चिखलात बसली, "बाळंतिणीचा खुराक पेरून साहेबाला उभा करतेस?"

पाचव्या दिवशी टेकडी हिरवीगार झाली. ओमानच्या त्या भुऱ्या डोंगरांपुढे अशी चमकायची की येणारेजाणारे गाडी थांबवायचे. साबणाच्या खोक्याचं चर्च केलं, काड्यापेटीच्या काड्यांचं मेंढ्यांचं कुंपण, माथ्यावर ओव्याच्या काड्यांची सात झाडं. गुरुवारी दुपारी मी अंघोळीला गेले, एवढ्यात ह्यांचे हात शिवशिवले. येऊन बघते तो काय, माथ्यावर तटबंदी, दोन बुरुज, महादरवाजा, चार मावळे आणि तोफ!

"अहो, हे काय केलंत?"

"राहवलं नाही. एवढा चांगला डोंगर, आणि वर नुसती झाडं?"

"काढा ते आधी!"

काढायला वेळच मिळाला नाही. हिल्डा चाकाच्या खुर्चीतून वॉल्टरना घेऊन फाटकात उभी होती.

वॉल्टरनी माथ्याकडे बोट रोखलं.

"माझ्या टेकडीवर तोफ कुणी ठेवली?"

हे पुढे झाले. "मी, सर. संरक्षणासाठी."

"कुणापासून?"

ह्यांनी घसा खाकरला. "तुमच्यापासून, सर. इंग्रजांपासून."

मला वाटलं, संपलं सगळं. आणि वॉल्टर हसले. असे हसले की खुर्ची गदगदायला लागली, हिल्डा हसली, खुदेजाभाभीने तोंडात ओढणी कोंबली. डोळे पुसत ते ओणवे झाले आणि दोन बोटांनी टेकडी चढू लागले. चर्चपासून निघाले, मेंढ्यांच्या कुंपणावरून उडी, मध्येच बोटं थांबवून खरोखर धापा टाकल्या, आणि महादरवाजातून वाकून आत!

"चर्च चुकलंय," वरून ते ओरडले. "ते ओढ्याच्या पलीकडे. ओढा कुठाय? आणि दोन कमानींचा पूल?"

बोलता बोलता त्यांनी उताराची चिमूटभर पालवी खुडून तोंडात टाकली. चावायचे थांबले. "अरे, ही तर आईच्या अंड्याच्या सँडविचमधली भाजी! हिल्डा, अंडी आहेत का?"

चार सँडविच खाल्ली त्यांनी, विदरलीची दक्षिण बाजू पार बोडकी करून. हे कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसले. पूल कसा, ओढा किती रुंद, पाणी वाहतं हवं की नुसतं निळ्या रंगाचं. अर्थातच वाहतं!

"सर," हे जरा चाचरत म्हणाले, "पण तुमचं विमान परवाचं."

वॉल्टरनी टेकडीकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "परवापर्यंत ओढा वाहील?"

"इन्शाल्ला," ह्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

ओमानात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला इन्शाल्ला म्हणजे किती महिने, हे वेगळं सांगावं लागत नाही. वॉल्टरनी हिल्डाकडे बघून होकारार्थी मान डोलावली. माझी मैत्रीण तिकीटवाल्याला फोन करायला अशी धावली, की एक चप्पल माझ्या अंगणातच राहिली.