बंद घरांना पत्रं

ताईच्या धाकट्या भावाला घरात सगळे ‘उद्योगपती’ म्हणत. हे नाव भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने ठेवलेलं, आणि त्यात कौतुकाचा भाग अजिबात नव्हता. आधी शोभेच्या माशांचा धंदा झाला, मग टी-शर्टवरच्या छपाईचा. मासे मेले आणि छपाई पहिल्याच धुण्यात निघून गेली. आता स्वारीने घरं विकत घ्यायचं मनावर घेतलं होतं.

युक्ती धंद्याच्या एका शिकवणीत मिळाली होती. घर ज्याला नकोसं झालंय असा मालक हेरायचा आणि त्याने दलाल गाठायच्या आत त्याला पत्र पाठवायचं. घर असेल तसं घ्यायचं, डागडुजी करायची, विकायचं. छापील पत्र थेट कचऱ्यात जातं, म्हणून हाताने लिहायचं. बँक कर्जाला तयार होती. ताईने मात्र बजावलं, “हे शेवटचं. महिनाअखेर एक घर ठरलं नाही, तर मुकाट्याने ह्यांच्या टायरच्या दुकानात यायचं.”

भाऊजी तर तयारीलाच लागले. त्यांनी त्याच्या मापाची निळी डांगरी शिवून घेतली आणि खिशावर लाल दोऱ्याने ‘उद्योगपती’ असं भरून घेतलं. ती दारामागे लटकत होती. येता-जाता दिसली की तो नजर दुसरीकडे वळवायचा. टायरच्या कामात वाईट काही नव्हतं. पण एकदा तिथे गेलो की आपल्याला काहीच जमत नाही हे कायमचं ठरेल, याची त्याला खरोखर भीती वाटत होती.

म्हणून या वेळी त्याने जीव ओतला. गल्ल्या पालथ्या घातल्या. पायरीवर साठलेला पाचोळा, गुडघाभर गवत, उन्हाने विटलेले पडदे बघून बंद घरं शोधली. बोट सुजेपर्यंत पत्रं लिहिली आणि टपालपेटीत टाकली. मग फोन तो न्हाणीघरातसुद्धा घेऊन जाऊ लागला. पण फोन वाजेल तर शपथ.

“माझं अक्षर वाईट आहे का गं?” एकदा जेवताना त्याने विचारलं.

“अक्षर छान आहे. पत्ते कुठले घातलेस?”

“त्या घरांचेच की. एकूण एक घर बंद आहे. पारखून घेतलीत!”

ताईचा घास हातातच राहिला. “अरे, मग तिथे पत्र उघडणार कोण?”

भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. उद्योगपती कानापर्यंत लाल झाला, पण पाणी त्यानेच आणून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मालकांचे पत्ते विचारत फिरू लागला. महिना संपत आला होता. हिरव्या दाराच्या एका घरापाशी त्याचंच पाकीट पत्रपेटीच्या फटीतून डोकावत होतं. सुजलेल्या बोटाने पुन्हा लिहायचं जिवावर आलं, म्हणून त्याने तेच काढायला फटीत हात घातला. पाकीट आत घसरलं, हात त्याच्या मागे गेला आणि मनगट अडकलं.

“काय चाललंय?”

मागे पांढऱ्या केसांच्या एक बाई किल्ल्या घेऊन उभ्या होत्या.

“मी चोर नाही हो!”

“दिसतंय. चोराला हात बाहेर काढता येतो.”

त्यांनी किल्लीने पेटीचं खालचं झाकण उघडलं, पाकीट घेतलं आणि त्याला तसंच अडकलेलं ठेवून पत्र वाचायला लागल्या. “‘घर विकायचं मनात आलं, तर कळवा. मी लगेच हजर होईन.’ वा! कळवायच्या आधीच हजर.”

पुढची ओळ वाचताना मात्र त्यांचं हसू गेलं. “‘घर आहे तसं घेईन. तुम्हाला एकही वस्तू हलवावी लागणार नाही.’ हे खरं?”

“खरं. मी स्वतः हलवीन.”

“भावाचं घर आहे. तो गेला. जन्मभर नर्सचं काम केलं मी, पण त्याचा चष्मा उचलायला माझा हात होत नाही. दलाल म्हणतात, आधी रिकामं करा. मी येते आणि पायरीवरूनच परत जाते.”

त्याला एकदम ताई आठवली. “घर मला नका देऊ हवं तर,” तो बोलून गेला, “सामान मी तसंही काढून देतो.”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पर्समधलं मलम काढून त्याच्या मनगटाला चोळलं. “हात सैल सोडा,” त्या म्हणाल्या आणि हात सुटला.

व्यवहार महिना संपायच्या आत ठरला. सामान काढायच्या दिवशी भाऊजींनी दुकानाचा टेम्पो आणला. धुळीच्या कामाला म्हणून उद्योगपतीने दारामागची डांगरी आपणहून चढवली. सगळ्यात आधी त्याने चष्मा स्वच्छ रुमालात गुंडाळून बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो छातीशी धरला. डोळे पुसल्यावर त्यांची नजर त्याच्या खिशावर गेली.

“उद्योगपती? हे कोण?”

त्याने मान खाली घातली. भाऊजींनी हातातली ट्रंक खाली ठेवली.

“हेच ते,” भाऊजी म्हणाले, “आमचे मेहुणे.” हे सांगताना ते जरासुद्धा हसले नाहीत. मग त्यांनी त्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून कपाट उचललं.