डाव्या कानातली पुष्पा

हसू नका मित्रांनो, पण महागावच्या बसस्थानकामागे जलालभाईंचं दुकान आहे, तिथे खिळ्याला एक काळी वायर लोंबकळताना दिसते. तिच्या टोकाला मी आहे. मी एक जुना हेडफोन. जड, वायरवाला, दोन्ही कानांवर वाटीएवढ्या जाळ्या असलेला. हल्लीची मुलं माझ्याकडे बोट दाखवून हे काय आहे म्हणून विचारतात आणि उत्तर मिळायच्या आत आपल्या कानातली शेंगदाण्याएवढी यंत्रं चाचपत निघून जातात. पूर्वी मला याचा फार राग यायचा. आता रागापेक्षा लाज जास्त वाटते. का, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईनं माझे दोन्ही कान एकाच वेळी वाजवून पाहिले आणि दोन्ही सारखे निघाले तेव्हाच मला पेटीत घातलं. डावा-उजवा जुळणं ही आमच्या जातीत मोठी गोष्ट असते. पुढे नागपूरच्या एका रेकॉर्डिंगच्या दुकानात मी काही वर्षं काढली. ते दुकान बंद पडलं, सामान विकायला काढलं, आणि जलालभाईंनी मला उचललं. ते तेव्हा जवान होते. रेडिओ, टेप दुरुस्त करायचे, लग्नाकार्यात भोंगे लावायला गावोगाव जायचे. माझ्या कानांच्या गाद्या झिजून भुगा झाल्या होत्या. त्यांच्या बायकोनं, शमसुन्निसाभाभींनी, शिलाई मशीनवर उरलेल्या मेहंदी रंगाच्या मखमलीच्या नव्या शिवून दिल्या. कारखान्यातल्यांपेक्षा त्याच बऱ्या होत्या.

स्वतःची पाठ स्वतः थोपटू नये म्हणतात, पण मी खरा आवाज देतो. काही वाढवत नाही, काही झाकत नाही. माझ्या पाठीला जाळी आहे, त्यामुळे गाण्याबरोबर बाहेरचंही आत येतं. चहावाल्याची हाक येते, बसचा हॉर्न येतो. गिऱ्हाईकं याला खोट म्हणायची. जलालभाई म्हणायचे, बंद खोलीत कोण जगते?

आता पुष्पाचं सांगतो.

महागावजवळच्या एका तांड्यावर सुखीबाई नावाची बंजारा बाई राहते. तांड्यात लग्न ठरलं की मुलीला ढावलो शिकवतात. सासरी निघताना नवरी आईच्या, काकूच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो ढावलो. हुंदका तर आला पाहिजे, पण शब्द सुटता कामा नये, हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नाही. म्हणून जाणत्या बाया लग्नाआधी पोरींना समोर बसवून तो शिकवतात. सुखीबाई त्यातली पट्टीची. एका लग्नात भोंगे लावायला गेलेल्या जलालभाईंनी तिला ऐकलं आणि ते तिच्या मागेच लागले, की बाई, एकदा दुकानात येऊन हे टेपवर भरू द्या. अखेर पंचवीसेक वर्षांपूर्वी, वैशाखात, ती आली. सोबत तिची लेक पुष्पा होती. पुष्पा सतरा-अठरा वर्षांची, आठ दिवसांवर तिचंच लग्न आलेलं.

जलालभाईंनी भरदुपारी शटर खाली ओढलं आणि आवाज नको म्हणून पंखाही बंद केला. उजवा माईक आईपुढे ठेवला, डावा लेकीपुढे, म्हणजे आई माझ्या उजव्या कानात, लेक डाव्या. मी त्यांच्या डोक्यावर. आई एक ओळ गायची, लेकीनं दुसरी गाऊन उत्तर द्यायचं. पहिल्याच ओळीला पुष्पाला हसू फुटलं. अंगाला घामाच्या धारा, समोर एक अनोळखी माणूस डोक्याला वाट्या लावून बसलेला, आणि आई म्हणते रड. सुखीबाई त्यांच्या बोलीत तिच्यावर डाफरली. दुसऱ्या ओळीलाही पोरगी हसतच होती. तिसऱ्या ओळीत गोठ्यातल्या गाईचं नाव आलं, संध्याकाळी गाय घरी येईल, मी येणार नाही असं काहीसं, आणि ते हसू मधेच कुठेतरी रडणं झालं. माझ्या डाव्या कानात झालं. जलालभाईंनी डोळे मिटून घेतले.

नंतर मायलेकींनी मला लावून ते ऐकलं. एक वाटी पुष्पाच्या कानाला, एक सुखीबाईच्या, दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. पुष्पाच्या केसांचं तेल माझ्या मखमलीला लागलं. तो डाग अजून आहे.

त्या दिवसापासून ती कॅसेट जलालभाईंचं मोजमाप झाली. दारव्हा, पुसद, पार उमरखेडपासून लोक हेडफोन घेऊन यायचे आणि विचारायचे, भाई, हा कसा आहे? पैसे वसूल होतील का? जलालभाई बाकीच्यांसारखे धमधम वाजणारं गाणं लावत नसत. ते पुष्पाचा ढावलो लावायचे आणि एकच बघायचे, हसू कुठे संपतं आणि रडणं कुठे सुरू होतं ते कळतं की नाही. स्वस्त हेडफोनात पोरगी शेवटपर्यंत हसतच राहायची. काही महागड्यांमध्ये ती पहिल्यापासून रडायची, कारण ते प्रत्येक आवाज जाड करून सांगतात. चांगला हेडफोन ती जागा दाखवायचा. मग जलालभाई मला लावून एकदा खात्री करून घ्यायचे आणि निकाल द्यायचे. पेटीवरची किंमत ते बघतसुद्धा नसत. कितीतरी श्रीमंत हेडफोन माझ्यासमोर पडलेल्या तोंडानं परत गेले. मी चढून बसलो होतो, हे कबूल करतो.

पण दिवस पालटले. लोक मोबाईलवर तारे मोजून माल मागवू लागले. आवाज ऐकवून घ्यायला कुणी येईना. जलालभाई मिक्सर आणि कुलर दुरुस्त करू लागले. मला खिळ्याला टांगलं. ड्रॉवर उघडताना माझी वायर दर वेळी त्याच्या फटीत चेपायची. दर वेळी, त्याच जागी. एके दिवशी आतली तार तुटली आणि माझा डावा कान गेला.

मित्रांनो, माझं सगळ्यात मोठं दुःख इथे आहे. जलालभाईंनी काही दिवसांनी मला लावलं. डावीकडे काहीच नाही. गावभराचे हेडफोन उघडून बघणारा हा माणूस, पण माझ्यावर संशय घेणं त्याच्या मनालाही शिवलं नाही. त्याला वाटलं, आपलाच डावा कान गेला. वय झालं. भोंग्यांजवळ उभं राहून राहून जन्म गेला, आणखी काय होणार? हे त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. आवाजाचा पारखी बहिरा झाला असं बाजारात पसरलं तर काय उरतं? शमसुन्निसाभाभींना नुसतं म्हणाले असते की हे जरा लावून बघ, तर तिथल्या तिथे कळलं असतं. तेवढंही म्हणाले नाहीत. मी तर बोलूच शकत नाही.

पुढे ती कॅसेट मरायला टेकली. पट्टीवर बुरशी आली, वाजवली की तपकिरी भुकटी गळायची. जलालभाईंनी ठरवलं, एकदाच शेवटची वाजवायची आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. ते काम करताना मला डोक्यावर ठेवलं. माझं काम पहारेकऱ्याचं. एखाद्या बाजूचा आवाज आत जात नसला की ऐकणाऱ्याला माझ्यातून लगेच कळतं. त्या दिवशी भुकटी नेमकी टेपच्या डाव्या बाजूला साचली आणि पुष्पाचा आवाज आत गेलाच नाही. डावीकडची शांतता जलालभाईंना ऐकू आली. मला लावलं की ते दर वेळी तीच ऐकत होते. त्यांनी मान हलवली, आपल्या कानावर हलकेच एक चापट मारली आणि काम पुरं केलं. पट्टी शेवटी तुटलीच. तिचा गुंता त्यांनी भंगाराच्या पोत्यात टाकला. उतरवलेलं पेनड्राइव्हमध्ये भरून ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्या वेळी पुष्पा सासरी, नेरकडे, चांगली हिंडतीफिरती होती. तिचा आवाज मागायला कोण येणार होतं?

मागच्या वर्षी पुष्पा वारली. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि पंधरा दिवसांत संपलं.

या उन्हाळ्यात सुखीबाई दुकानात आली. सोबत तिचा नातू, पुष्पाचा मुलगा प्रेम होता. तो पुण्याला नोकरी करतो. आईचे फोटो खूप आहेत, पण आवाज कुठेच नाही, असं तो जलालभाईंना सांगत होता. फोन बदलला तेव्हा होतं नव्हतं ते गेलं. मग आजीला ही कॅसेट आठवली. सुखीबाई स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जलालभाऊ, पुष्पाले ऐकव. एकडाव ऐकव, मंग मी काही मागत नाई."

जलालभाईंच्या तोंडावर हसू आलं. त्यांनी मोठ्या अभिमानानं पेनड्राइव्ह काढला. प्रेमनं स्वतःचा हेडफोन पुढे केला. मऊ, बंद, बाहेरचा सगळा गोंगाट गिळणारा, ऐटबाज. आजी, यात एकदम साफ येईल, म्हणाला. मी खिळ्यावरून बघत होतो आणि जळत होतो.

सुखीबाईनं तो लावला. स्वतःचा आवाज ऐकला. मग ती थांबली. पुन्हा ऐकलं, पुन्हा थांबली. तिनं हेडफोन काढून हातात धरला, उलटा करून पाहिला.

"हे तं मीच हावो," ती म्हणाली. "तिची पाळी आली का सुनं होऊन राह्यलं. पोरगी कुठी हाय?"

जलालभाईंनी घाईघाईनं तो हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. प्रेमनं आपल्या मोबाईलवरचं एक गाणं त्यावर लावून दिलं, आणि जलालभाई जागच्या जागी थिजले. कारण त्यांच्या डाव्या कानाला स्वच्छ ऐकू येत होतं. उजव्याइतकंच. त्यांनी हेडफोन काढला, डाव्या कानाजवळ बोटांनी चुटकी वाजवली. ऐकू आली. मग ते माझ्याकडे वळले. मला काढलं, जोडलं, वायर बोटांनी थोडी थोडी वाकवत नेली. ड्रॉवरपाशी चेपलेल्या जागी आल्यावर माझा डावा कान खरखरला आणि वाजला.

त्यांनी खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं. पट्टी खराब होती म्हटलं असतं, कुणी विचारलं नसतं. पण त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "बाई, कान माहा चांगला होता. याचा वायर तुटला होता. मी कानाले दोष देत राह्यलो, अन् पट्टी फेकून देल्ली."

प्रेम भडकला. मग विनवण्या करू लागला. हल्ली कॉम्प्युटर काय काय करतो, त्यातून काढता येईल ना, म्हणून दोनतीनदा विचारलं. जलालभाईंनी सांगितलं, जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून काढू? प्रेम दाराकडे तोंड करून उभा राहिला. सुखीबाई माझ्या मखमलीवरच्या त्या डागावर बोट फिरवत होती.

"हा तिच्या डोक्यावर होता," ती म्हणाली. "हाच लाव मले."

जलालभाईंनी आधी माझी वायर चेपलेल्या जागी कापली आणि नवा टाका मारून जोडली. दहा मिनिटं लागली. इतक्या वर्षांत जे झालं नाही, ते दहा मिनिटांचं काम होतं मित्रांनो.

मग सुखीबाईनं मला लावलं. तिची पहिली ओळ झाली. पुष्पाची पाळी आली, सुनं झालं. दुसरी ओळ झाली, पुन्हा सुनं. तिसरी ओळ संपली आणि त्या रिकाम्या जागेत म्हातारी स्वतःच गाऊ लागली. लेकीनं आईला म्हणायची ओळ, गाईची, संध्याकाळी परत न येण्याची. माझी पाठ उघडी आहे, म्हणून तो आवाज जाळीतून आत आला आणि गाण्यात मिसळला. आतली आई गायची, थांबायची, आणि बाहेरची आई लेकीचं उत्तर द्यायची. प्रेमनं हात लांब करून पंख्याचं बटण बंद केलं. दुकानात उकडत होतं.

त्या गाण्यात हसू कुठेच नव्हतं. पहिल्या शब्दापासून रडणंच होतं.

मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, जिच्यावर घरातल्यांचा फार भरवसा असेल. तिलाच आधी तपासा. तिची वायर ड्रॉवरमध्ये चेपू देऊ नका. आणि कधी काही ऐकू आलं नाही, तर वय झालं म्हणून गप्प बसू नका. शेजारी कुणीतरी असतंच. त्याच्या कानाला लावा आणि विचारा, तुला येतं का रे ऐकू? विचारण्यात कसली आली आहे लाज? लाजेपायी काय गेलं ते मी तुम्हाला सांगितलं.

सुखीबाई त्यानंतर दुकानात आली नाही. प्रेमनं पेनड्राइव्हची एक प्रत नेली, आजीच्या आवाजासाठी. आता जलालभाई रोज सकाळी शटर उघडलं की पहिल्यांदा मला डोक्याला लावतात. उजवा कान तपासतात, मग डावा. दोन्ही सारखे वाजतात, कारखान्यातल्या त्या बाईनं जुळवले होते तसे. मग ते सुखीबाईचं गाणं लावतात, पुष्पाची पाळी येईपर्यंत ऐकतात, आणि बंद करतात.