बियाच्या राशीतला गड्डा

थोडं वाकून ऐका, मी जमिनीखालून बोलतोय. मी हळदीचा गड्डा. आष्ट्याला मनुबाईंच्या काळ्या रानात माझा जन्म झाला.

आम्हाला फूल येतं, पण त्यात बी धरत नाही. आंब्याला कोय असते, सावरीची म्हातारी वाऱ्यावर उडत जाते, पिंपळाचं बी पाखरं नेतात. आमच्या अंगावर नुसते डोळे. त्यातूनच कोंब येतो, आणि त्या कोंबाच्या बुडाशी नवे गड्डे, हळकुंडं धरतात. पण एका रानातून दुसऱ्या रानात जायचं, तर आम्हाला माणसाचाच हात लागतो.

मागच्या वर्षी रानात पाणी साचलं आणि निम्म्याहून जास्त हळद कुजली. मनुबाईंनी निवडून निवडून दोन पाट्या गड्डे बियाला बाजूला काढले. त्यात मी होतो.

"कृष्णात, ह्या राशीवर पाला टाक रं. घरचं बी एवढंच ऱ्हायलंय."

कृष्णात त्यांचा मुलगा. फार लाजरा. त्यानं मान हलवली. पाला मात्र राहून गेला.

दुसऱ्या दिवशी गुंडा नावाचा गडी हळद शिजवायचं यंत्र घेऊन आला. उघडी रास दिसली, तशी ती शिजवायचीच समजून त्यानं पाट्यांत भरली आणि यंत्राच्या पिंपात ओतली. आत वाफ सोडली की आमचे डोळे मरतात. शिजलेला गड्डा कधी उगवत नाही.

कृष्णात बांधावरून बघत होता. ओठ हलले, आवाज फुटेना. गुंडाचा हात वाफेच्या चावीवर गेला.

"थांब रं गुंडा! बी हाय ते!"

गुंडानं चावीवरचा हात काढला. मग तो हसला. "आयला, तुला तोंड बी हाय व्हय रं? मला वाटलं नुसती मानच हाय!"

कृष्णात कानापर्यंत लाल झाला. पण पिंपात वाकून त्यानं आम्हाला एकेक करून बाहेर काढलं. पहिल्या घाण्यानं पिंप तापलेलं होतं. त्याच्या मनगटावर फोड आले.

मनुबाई खोबरेल लावत म्हणाल्या, "लय उशिरा बोललास. पर बोललास."

अक्षय तृतीयेला त्याच हातांनी त्यानं मला सरीत लावलं.

आता माझ्या शेजारी, माझ्याच कोंबाच्या बुडाशी, एक थोरला गड्डा आहे, त्याला बारा हळकुंडं. माझ्यातलं होतं नव्हतं ते त्यांना गेलं. मी सुरकुतलोय, हलका झालोय. उद्या काढणी.

कृष्णात, तुझ्या एका हाकेवर माझं घर भरलं. उद्या मला खुशाल पिंपात टाक, गड्या. शेजारचा थोरला तेवढा बियाला ठेव. आणि पाला आधी टाक.