अर्ध्या वाटेवरचा दगड

मित्रांनो, दगडाला पाझर फुटत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी मला कधी विचारलं नाही, एवढंच! मी धुळे-जळगाव जुन्या रस्त्यावरचा, पारोळ्याजवळचा मैलाचा दगड. एका अंगावर धुळे, दुसऱ्या अंगावर जळगाव. पाथरवटानं मला काळ्या कातळातून घडवलं, आणि पुढं दरसाल डोक्याला पिवळा रंग मिळायचा. काय थाट होता माझा! आमच्या खान्देशात कुणालाही अंतर विचारा, "आठेच शे," म्हणजे इथंच आहे, असं सांगून मोकळा होतो. मग बिचारा वाटसरू चालून चालून दमतो. खरं सांगणारा मी एकटाच होतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला उसंत नसे. तो आमच्या लेकींचा सण. सासरची लेक माहेरी येते, पण आपली आपण येत नाही; माहेरचं माणूस मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातं. धुळ्याजवळच्या खेड्यातले भाईदास आबा दरसाल जळगावहून कोकिळाला मोटारसायकलवर आणत. माझ्याशेजारच्या निंबाखाली बापलेक दशम्या खात आणि पोटभर गप्पा मारत.

मग जावयाच्या नोकरीपायी कोकिळा हैदराबादला गेली. "विमानात बसली की तास-दीड तासात जळगाव," असं जो तो आबांना सांगे. पण आखाज्या येत गेल्या, ती काही आली नाही. इकडं नवा रस्ता लांबून गेला. माझा रंग उडाला, अंगावर गवत माजलं. मला फार एकटं वाटायचं.

यंदा तिचं विमान ठरलं. आबांचे गुडघे गेलेले, जळगाव काही झेपेना. पण मुऱ्हाळी नको का? "मी दगडजवळ उभा राहसू," असं त्यांनी फोनवर सांगितलं. "ऊन शे आबा, येऊ नका," ती म्हणाली, आणि ते येणार नाहीत असंच धरून चालली. आबा ऐकतात होय! फोन घरी विसरून, रिक्षा करून ते माझ्यापाशी येऊन बसले.

सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं. मेंढ्या चारणारा झिपरू म्हणाला, "आबा, बठ्ठ्या गाड्या आते नवा रस्तावरथीन जातीस. घर जा."

"लेकले लेवाले येल शे मी. लिसनच जासू." लेकीला घेतल्याशिवाय आबा हलणार नव्हते.

कोकिळाची गाडी केव्हाच पुढं गेली असणार, हे मला कळत होतं. पण मला तोंड कुठं आहे? आबांचे ओठ सुकले, मान कलायला लागली. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

दुपार कलता कलता धुळ्याकडून एक गाडी आली. कोकिळा उतरली ती धावतच. घरी पोचल्यावर दारातच तिच्या आईनं, ताईबाई अक्कांनी, विचारलं होतं, "तुना बाप कोठे शे?" तशीच ती मागं फिरली होती. तिनं आबांना पाणी पाजलं, पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"विमानले तास लागना, आबा," ती रडत म्हणाली. "माले निंघालेच सहा वरीस लागनात."

 तिचा हात धरून आबा गाडीत बसले.

मित्रांनो, मला रंग द्या, माझ्याभोवतीचं गवत काढा, बरं वाटेल मला. नाही जमलं तरी रुसणार नाही. पण कुणी तुमची वाट बघत बसलं असेल, तर विमान किती तासांचं ते मागाहून बघा. आधी निघा.