हात मागे

सरांनी सीपीयूचा डबा लॅबमधल्या माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मला हसूच आलं.

"पुराव्यापाशी हात मागे! आधी डोळे, मग डोकं, हात सगळ्यात शेवटी." वीस वर्षांपूर्वी सरांच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण पुसलेल्या फाइली शोधायला शिकत होतो, तेव्हाचा हा रोजचा मंत्र. मी टायपिंगच्या दुकानातून थेट वर्गात यायचे. बोटं शिवशिवायची, म्हणून ओरडा बहुधा माझ्याच वाट्याला. काकू चहा आणायच्या आणि सरांना झापायच्या, "अहो, पोरीला कप तरी हातात घेऊ द्या!"

आता नव्या मुलांवर मी तेच ओरडते. काकू जाऊन वर्ष होत आलं.

"काय झालं, सर?"

"हिचा व्हिडिओ होता. आपल्या वर्गातला. डिस्कवर जागा करायला गेलो आणि पुसला गेला."

"मग लगेच बंद केलात ना?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"सर?"

"फाइली परत आणायचं सॉफ्टवेअर टाकलं."

"ह्याच डिस्कवर?"

"ह्याच."

मी कपाळावर हात मारला. पुसलेली फाइल म्हणजे पाटी काढलेलं घर. माणसं आतच असतात, नवा भाडेकरू येईपर्यंत. हे आम्हाला शिकवणाऱ्या माणसानंच नवा भाडेकरू आणून बसवला होता.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," सर म्हणाले. "पुढचं तू म्हण."

"ते काकूंनी म्हणायचं. मी कोण?"

डिस्क काढली, तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही अशी जोडली आणि तिची प्रत घ्यायला लावली. शोधाशोध करायची ती प्रतीत. मूळ डिस्कला धक्का नाही. तेवढा वेळ सर काही बसले नाहीत. व्हिडिओ सापडला तो उंदरांनी कुरतडल्यासारखा. चित्र पार गेलेलं, आवाजाचा एक तुकडा उरलेला.

"एवढंच?"

"एवढंच, सर. बाकीचं नाही येणार."

मी आवाज वाढवला. भांड्यांचा खणखणाट, आणि काकू: "अहो, हात मागे! दिसलं भांडं की घातला हात. गरम आहे का, आधी बघावं तरी माणसानं!" मग सगळ्या वर्गाचं हसू. त्यातलं सगळ्यात मोठं, अगदी निर्लज्ज, माझं.

"काय नक्कल करायच्या हो तुमची!"

"नक्कल?" सर डोळे पुसत हसले. "अगं, नक्कल मी करायचो. वाक्य तिचंच. लग्न झाल्यापासून ऐकत होतो, ते तुमच्यावर खपवलं."

परत ऐकायला म्हणून त्यांनी बटणाकडे बोट नेलं, आणि सवयीनं मागे घेतलं.

"घाला हात, सर," मी म्हणाले. "प्रतच आहे ही."