घड्याळजीचा अर्ज

बाइंडरकाकांकडे साहेबांच्या हातच्या एकशे बारा चिठ्ठ्या होत्या, आणि तेवढ्या बळावर काका स्वतःला अर्धे साहेबच समजत. साहेब म्हणजे केवढे पुढारी! जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांची सही दिसली की लोक अजून हात जोडत. आलेला अर्ज उलटा करायचा आणि कोऱ्या पाठीवर शाईच्या पेनाने शेरा मारायचा, ही साहेबांची सवय. काकांनी शेरा वर ठेवून प्रत्येक अर्ज खळीने पुठ्ठ्यावर चिकटवून टाकला होता. खालची बाजू त्यांनी कधी वाचली नाही. अर्जदाराला विचारतो कोण?

वाचनालयात या चिठ्ठ्यांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा एक बाई एका पुठ्ठ्यापुढे खिळून उभी राहिली. 'बंदरावरच्या घड्याळजीचा अर्ज. पाहू.' एवढंच त्यावर होतं.

"काका, हे माझे बाबा," ती म्हणाली. "बंदरावर दुसरा घड्याळजी नव्हताच. त्यांच्या हातचं एक अक्षरसुद्धा आमच्याकडे उरलं नाही हो. मागची बाजू बघायला मिळेल?"

खळ पाण्यात सुटते, हे जन्मभर पुस्तकं बांधणाऱ्याला कोणी सांगायला नको. पण पाण्याने साहेबांची शाईही गेली असती.

"नाही निघायचं ते, ताई. फाटेल," त्यांनी धडधडीत खोटं सांगितलं.

"मग राहू दे. तुम्ही इतकं जपलंत, हेच खूप."

ती गेली. बला टळली म्हणून काकांनी चक्क सुटकेचा निःश्वास टाकला.

पण ते 'जपलंत' त्यांना असं झोंबलं की दोन दिवस घास गोड लागेना. काय झालं म्हणून बायकोने विचारलं, तर तिच्यावरच खेकसले. स्वतःची लाज वाटत होती, दुसरं काय! तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तो पुठ्ठा वाचनालयातून घरी आणला, परातीत पाणी घेतलं आणि तो आत सोडला.

"अहो, साहेबांना बुडवताय की काय?" बायको ओरडली.

निळी शाई पाण्यात पसरत गेली. कागद सुटला. मागचं बॉलपेनचं बारीक, नेटकं अक्षर मात्र जसंच्या तसं होतं, आणि वर पूर्ण पत्ता. काकांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळीच नेऊन देऊ, पाय धरू.

बायको मोठ्याने वाचू लागली. "वरील पत्त्यावरची आमची खोली येत्या पंधरा तारखेला पाडणार आहेत. घरात आजारी बायको व लहान मुलगी आहे. दोन महिन्यांची मुदत मिळावी, ही विनंती."

ती थांबली. "म्हणजे ही मुलगी तीच ना? आता कुठे राहते ती?"

काकांना मान वर करवेना.

"विचारलंच नाही मी," ते म्हणाले.