संध्याकाळच्या पाळ्या

सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा अडकला होता, आणि जयवंता नखानं टिचक्या मारून त्याला वर सरकवत होती. औषध गुलाबी, साखरेसारख्या गोडूस वासाचं, बुडबुडा मात्र हट्टी. काळ्या रेघेशी येऊन थांबायचा आणि पुन्हा खाली घसरायचा. मागं खाटेवर शालिकराम सशाला टॉवेलात गुंडाळून बसला होता, त्याचं डोकं एका हाताच्या तळव्यात धरून, अगदी अलगद... हे हात असे कधीपासून झाले, असं तिला रोज सकाळी वाटे, आणि रोज सकाळी ती तो विचार गिळून टाके, कारण औषध देताना हाताला कंप सुटलेला चालत नाही.

सशाचं नाव बोंड्या. शेपटी कापसाच्या फुटलेल्या बोंडासारखी म्हणून नातीनं, आचलनं ठेवलेलं. आचल तेव्हा सात वर्षांची होती. पुढं सागरची, म्हणजे तिच्या बापाची, बदली नाशिकला झाली, तिथं घरमालकाला जनावर चालत नव्हतं, आणि ससा इथं नांदगाव खंडेश्वरला आजी-आजोबांकडे राहिला. आता तो आठ वर्षांचा म्हणजे म्हातारा. उन्हाळ्यात त्याला शिंका सुरू झाल्या, नाकातून पांढरा चिकट शेंबूड यायला लागला. ससा पुढच्या पायांनी नाक पुसतो, तर पायांचे केसही चिकटून गठ्ठे झालेले. सशाला तोंडानं श्वास घेता येत नाही, नाक बंद झालं की संपलं, हे अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून शालिकराम त्या नाकाकडे असा बघत बसायचा, जसं काही विहिरीत पडलेलं कुणी वर येण्याची वाट बघतो आहे.

दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ. मग पुन्हा दहा दिवस. मग दुसरं औषध, पुन्हा दहा. दर वेळी पाचव्या-सहाव्या दिवशी नाक कोरडं व्हायचं आणि पंधरवड्यात पुन्हा वाहायला लागायचं.

सकाळची पाळी दोघं मिळून देत. संध्याकाळी शालिकराम मारुतीच्या पारावर जाई, पंचायत समितीतून निवृत्त झाल्यापासूनचा त्याचा नेम, आणि ती पाळी जयवंताची एकटीची. पहिल्यांदा ती खरोखर विसरली. तूर निवडता निवडता अंधारलं, शालिकराम परत आला, विचारलं, "देल्लं का?" आणि ती हो म्हणाली. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ती विसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं औषध सिरिंजमध्ये नीट भरलं, बुडबुडा काढला, मोरीपाशी गेली आणि दट्ट्या दाबला. मोरीत गुलाबी थेंब पडले, तिनं तांब्याभर पाणी ओतलं... आणि मनात काहीच झालं नाही. तेच भयंकर होतं. काही झालं असतं तर तिनं पुन्हा केलं नसतं.

का केलं मी? त्या मुक्या जीवानं माझं काय घोडं मारलंय?

तिला कारण माहीत होतं, पण ते इतकं लहान होतं की कुणाला सांगताही आलं नसतं. एका दुपारी शालिकरामनं सशाचं नाक आपल्या सदऱ्याच्या टोकानं पुसलं होतं. फडकं शेजारीच होतं, तरी सदऱ्यानं. आणि मग, सहज, त्याच टोकानं स्वतःचा चष्मा पुसून डोळ्याला लावला होता. जयवंता दारात होती. ती पाहत राहिली... आणि तिच्यासमोर मागची खोली उभी राहिली, वाड्यातली, सरपणाशेजारची, पस्तीस वर्षांपूर्वीची. सासूनं, पार्बताबाईनं, वेगळं काढलेलं जर्मनचं ताट, वेगळा पेला, दाराबाहेर ठेवलेलं जेवण. सहा महिने. त्या सहा महिन्यांत हा माणूस त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. यायचा, दाराशी उभा राहायचा, नाकाला रुमाल, "बरं हाय?" म्हणायचा, आणि ती बरं म्हणाली की जायचा. सागर पाच वर्षांचा होता. त्याला लांब ठेवलं होतं. ती बरी होऊन बाहेर आली तेव्हा तो आजीच्या पदराआड गेला आणि तिथून तिच्याकडे पाहू लागला, पाहुणी आल्यासारखा. त्या आजाराचं नाव त्या घरात कुणी घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. "तवाचं दुखनं" एवढंच.

तिनं सशाच्या गालाच्या फटीत सिरिंज सरकवली. त्यानं चघळत चघळत गिळलं. "शाब्बास," शालिकराम म्हणाला. सशाला.

अमरावतीच्या बसमध्ये सशाची टोपली शालिकरामच्या मांडीवर होती. नोव्हेंबरातलं ऊन, रस्त्याच्या कडेनं कापसाच्या ट्रॉल्या, झुडपांना अडकलेले पांढरे पुंजके. कुणी खिडकी उघडली की शालिकराम उठून बंद करायला लावी, धूळ येते म्हणून. जयवंताला पूर्वी अशाच ट्रॉलीमागून चालत जाणं आठवलं. सकाळी सरकारी दवाखान्यात सुई घ्यायला जायचं, दोन महिने, रोज. सुईनं कान वाजायचे. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, पहिल्यांदा ती घाबरून गेली होती आणि विचारायला कुणी नव्हतं. कंपाउंडर वामनराव तेवढा म्हणाला होता, "घाबरू नको माय, ते गोळीचा रंग हाय." एक दिवस चुकवला नव्हता तिनं. सागरसाठी... नाही, सागरसाठी नव्हे. ते नंतर लोकांना सांगायला. खरं तर तिला त्या दाराबाहेर यायचं होतं, आणि आल्यावर एकेकाच्या तोंडाकडे बघायचं होतं.

आणि ज्या बाईला औषध अर्धवट टाकल्यानं काय होतं हे स्वतःच्या छातीनं माहीत, तिनं ते मोरीत ओतलं होतं. विसरभोळी असती तर गोष्ट वेगळी होती.

डॉक्टर तहरीमचा दवाखाना बडनेरा रोडच्या आतल्या गल्लीत, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. तिशीची मुलगी, डोक्यावर ओढणी, बोलणं सरळ. बाकावर एक माणूस कुत्र्याला पट्ट्याशी धरून बसला होता. तहरीमनं बोंड्याला टेबलावर घेतलं, छाती ऐकली, दातांच्या मुळांचा फोटो उजेडापुढं धरला, दात ठीक आहेत म्हणाली. मग मागच्या खेपेला नाकात काडी घालून घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट उघडला आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

दिलेली दोन्ही औषधं आता या जंतूंवर लागू पडत नाहीत, असं तिनं समजावून सांगितलं. सशांच्या नाकात हे जंतू मुळात असतातच, ते पुरते जात नाहीत, पण दबून राहतात. यावेळी ते दबलेच नाहीत. औषध मधे मधे तुटलं की कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात, आणि उरलेले ते औषध ओळखायला शिकतात. सांगताना ती शालिकरामकडे बघत होती. मग जयवंताकडे वळली.

"काकू, राग मानू नका, विचारावं लागतं. मधे पाळ्या सुटल्या का? संध्याकाळच्या वगैरे?"

जयवंतानं तोंड उघडलं. ती खरं सांगणार होती. हे तिला नंतर पुन्हा पुन्हा पडताळून पाहावं लागलं, पण त्या क्षणी ती सांगणार होती, शब्द जिभेवर आले होते, आणि त्यांच्याबरोबर एक विचित्र आनंदही, की आता हा माणूस माझ्याकडे बघेल, इतक्या वर्षांनी नीट बघेल, मग रागानं का होईना...

"ते होऊच शकत नाई, म्याडम," शालिकराम म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "हिले टीबी झाली होती. पस्तीस वर्सं झाले. साठ सुया घेतल्या हिनं, एकशे ऐंशी दिवस गोया खाल्ल्या. एक दिवस चुकली नाई. माही बायको औषध सोडनाऱ्यातली नाई."

कुत्र्यावाल्या माणसानं मान वर केली.

त्यानं नाव घेतलं होतं. त्या घरात पस्तीस वर्षं कुणी न उच्चारलेलं नाव, गल्लीतल्या दवाखान्यात, परक्या पोरीपुढं, परक्या माणसापुढं, अभिमानानं. आकडे पाठ होते त्याला. साठ. एकशे ऐंशी. तिला वाटलं होतं ते फक्त तिच्याजवळ आहेत. किती वर्षं तिनं हे ऐकायची वाट बघितली होती... स्वयंपाक करताना, सागरच्या लग्नात, पार्बताबाईच्या तेराव्याला, की एकदा तरी हा म्हणेल, जयवंता, तू सोसलंस. आणि ते आलं तेव्हा असं आलं, सशाच्या नाकासाठी, आणि नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी ते खोटं होतं. तिनं तोंड मिटलं.

तहरीमच्या चेहऱ्यावर आदर दिसला, आणि तो जयवंताला सोसवेना. पोरगी म्हणाली, मग प्रश्नच मिटला, काही काही जंतू असतातच चिवट. आता इंजेक्शन. कातडीखाली, एक दिवसाआड, दोन महिने. शिवाय मिठाच्या पाण्याची वाफ, ते यंत्र तुमच्याकडे आहेच. खाणं बंद पडू द्यायचं नाही, सशाचं पोट थांबलं की ससा वाचत नाही. दर वेळी अमरावतीला आणून दमवू नका, घरी कोण देईल?

"हीच," शालिकराम म्हणाला. "माहे हात कापतेत."

मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी उचलायची, सुई आडवी घालायची. तहरीमनं एकदा हवेत करून दाखवलं आणि सिरिंज जयवंताच्या हातात दिली. सशाची कातडी ऊन होती, आणि तिच्याखाली श्वास खरखरत होता, ओल्या गोणपाटावरून काही ओढल्यासारखा. जयवंताला तो आवाज ओळखीचा वाटला. मागच्या खोलीत, दुपारच्या शांततेत, तिनं तो स्वतःच्या आतून ऐकला होता. तिनं सुई घातली. हात जराही हलला नाही.

"हात छान आहे काकूंचा," तहरीम म्हणाली.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. शालिकरामनं टोपलीचं झाकण थोडं उघडून आत हात घातला होता आणि तो हात तसाच आत ठेवून खिडकीबाहेर बघत होता. बडनेरा मागं पडलं. जयवंतानं विचारायचं नाही असं ठरवलं, आणि विचारलं.

"तुमाले कसं ठाव, म्या एक दिवस बी चुकवला नाई म्हनून?"

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "वामनराव सांगे. ऑफिसात जाता जाता म्या रोज दवाखान्यात जात होतो. आली होती का, सुई घेतली का, वजन किती भरलं... तो वहीत पाहून सांगे."

"रोज?"

"रोज."

बस खड्ड्यातून गेली, त्यानं टोपली छातीशी धरली.

"मंग मले काहून नाई इचारलं कधी?"

त्याचा हात टोपलीत हलत होता, कानांवरून मागं, कानांवरून मागं.

"मायच्या पुढं..." तो म्हणाला, आणि थांबला. आणि पुढं काही नाहीच, हे तिला हळूहळू समजलं. तेवढंच होतं त्याच्याजवळ. माय मरून एकोणीस वर्षं झाली होती.

म्हणजे हा रोज येत होता. खिडकीपर्यंत. मी आत दंड उघडा करून बसलेली असताना, किंवा नुकतीच घराकडे निघालेली असताना, हा वामनरावच्या खिडकीशी उभा राहून माझं वजन विचारत होता, आणि घरी येऊन रुमालाआडून "बरं हाय?" म्हणत होता. हे जास्त वाईट की कमी वाईट, हे तिला ठरवता येईना. काहीच न वाटणारा नवरा तिनं पस्तीस वर्षं सांभाळला होता, मनातल्या मनात, व्यवस्थित, त्याच्यावर चिडायची तिला सवय झाली होती. आज त्यानं तोही काढून घेतला होता, आणि बदल्यात दिला होता एक भित्रा माणूस, ज्याचं आता काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. शालिकराम पारावर गेला नाही. त्यानं खोक्यात सशाला बसवलं, वाफेचं यंत्र लावलं, घरघर सुरू झाली. जयवंता चहा ठेवायला गेली आणि ओट्याशी उभी राहिली. तिच्याजवळ वाक्य तयार होतं. संध्याकाळच्या पाळ्या म्या मोरीत ओतल्या. इतके दिवस ते तिनं हत्यारासारखं जपलं होतं, की एक दिवस काढीन आणि याला लागेल. आता तिला दिसत होतं, हा विश्वासच ठेवणार नाही. काहीतरी मनाला लावून घेऊन बोलतेय म्हणेल. वामनरावच्या वहीतली बाई त्यानं मनात एकदा पक्की बसवली होती, तिचा एकही दिवस चुकत नव्हता, आणि तिच्यापुढं या ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचं काही चालणार नव्हतं. गुन्हा केला तोही हिशेबात धरायला कुणी नाही...

यंत्राची घरघर थांबली.

"अवं," तो आतून म्हणाला, "मेथीचं पान तोंडात घेतलं त्यानं. ये, पाय जरा."

ती दारापर्यंत गेली. तो जमिनीवर बसला होता, गुडघे दुखत असूनही, आणि तिच्याकडे न बघता थोडा सरकला, शेजारी जागा झाली. जयवंता चौकटीला टेकून उभी राहिली. आतला जुना राग तिनं चाचपून पाहिला. रोज हात जातो त्या खुंटीकडे जावा आणि भिंत नुसती सपाट लागावी, तसं झालं. ससा पान चावत होता, मधेच थांबत होता, नाक उडत होतं, श्वास ओढून पुन्हा चावत होता. तीस, एकतीस, बत्तीस... आपण त्याचे श्वास मोजतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला त्या मोजण्याची चीड आली. ही चीड नवी होती, आणि ती कुणावर धरायची ते तिला अजून कळत नव्हतं.